डर्ट रेसिंगसाठी हेल्मेट कॅमेरा: नागपूरच्या उन्हात आणि फुफाट्यात टिकेल असा कसा निवडायचा

माझा पहिला हेल्मेट कॅमेरा बाभळीने धरला होता. हिंगण्याच्या पलीकडे एका बंद पडलेल्या मुरमाच्या खदानीत बाइकचा सराव चालला होता. कॅमेरा हेल्मेटच्या टाळूवर, अगदी तुऱ्यासारखा लावलेला. खदानीतून वर येताना एक फांदी खाली झुकली होती. मी वाकलो, पण डोक्यावर चार बोटं उंची वाढलीय हे विसरलो. पकड इतकी पक्की होती की कॅमेरा सुटला नाही, मान मागे ओढली गेली. मागून येणारा मित्र पोट धरून हसत म्हणाला, "भाऊ, तुले त झाडानं कॉलर धरून उभं केलं न!" पुढचे चार दिवस उशी न घेता झोपलो.

तेव्हापासून कोणी 'कोणता कॅमेरा घेऊ?' असं विचारलं की मी उलट विचारतो, 'लावणार कुठे?' कारण खरेदीचा क्रम उलटा आहे. आधी जागा ठरते, मग माउंट (कॅमेरा हेल्मेटला धरून ठेवणारी जोडणी), मग किती वजन चालेल ते, आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा. बहुतेक जण सीताबर्डीच्या दुकानात थेट शेवटच्या पायरीवर जाऊन उभे राहतात.

आधी परवानगी, मग पैसे

तुम्हाला कॅमेरा शर्यतीत वापरायचा आहे की फक्त सरावात, हे पहिल्यांदा ठरवा. दोन्ही गोष्टी फार वेगळ्या आहेत. शर्यतीत काय चालेल हे आयोजकाच्या नियमपत्रकावर आणि स्क्रुटिनीला, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीला, उभ्या असलेल्या माणसावर अवलंबून असतं. देशातल्या मोटरस्पोर्टचं नियमन एफएमएससीआय ही संस्था करते. मान्यताप्राप्त स्पर्धेत तिचे नियम लागू असतात आणि त्याशिवाय त्या त्या स्पर्धेचं स्वतःचं पत्रक असतं. हेल्मेटवर काहीही चिकटवलेलं चालणार नाही, असं सांगणारे आयोजक भेटतात. काही जण बाइकवर किंवा छातीवर चालेल म्हणतात. प्रवेश अर्ज भरतानाच लेखी विचारून घ्या. स्क्रुटिनीच्या रांगेत हेल्मेटवरून माउंट खरवडत बसलेले रायडर मी पाहिलेत, आणि चिकटपट्टीबरोबर हेल्मेटचा रंगही निघताना पाहिलाय.

ही काळजी उगाच नाही. २९ डिसेंबर २०१३ ला फ्रान्समधल्या मेरिबेलला स्कीइंग करताना मायकेल शूमाकर पडला, तेव्हा त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. कॅमेऱ्यामुळे इजा वाढली हे कधीच सिद्ध झालं नाही, पण हेल्मेटवर बसवलेली कडक वस्तू धक्का एकाच बिंदूवर आणते का, हा प्रश्न तिथून जगभर विचारला जाऊ लागला. हेल्मेटचं बाहेरचं कवच गोल आणि गुळगुळीत असतं ते घसरावं म्हणून. जमिनीवर आपटल्यावर डोकं अडकून वळू नये, सरकत जावं. त्यावर आपण एक खुंटी ठोकतो. युरोपच्या ईसीई २२.०६ मानकातही हेल्मेटची उपकरणं हेल्मेटसोबतच तपासली जावीत अशी अपेक्षा आहे. आपल्याकडच्या आयएसआय खुणेच्या हेल्मेटची चाचणी झाली तेव्हाही त्यावर तुमचा कॅमेरा नव्हता.

म्हणून पुढचं सगळं एका गृहीतकावर आहे: पडलात तर कॅमेरा सुटून गेला पाहिजे. तो वाचवायचा विचार नंतर.

जागा

टाळूची जागा मी बाद केली, कारण वर सांगितलंच. झाड नसलं तरी उंचीमुळे तरफ तयार होते. तोच कॅमेरा कवचाला चिकटून असला तर मानेला कमी ओढतो, चार बोटं वर गेला की जास्त. शिवाय डर्ट हेल्मेटचं पीक, म्हणजे कपाळावर पुढे आलेली झाप, मध्ये येतं आणि अर्ध्या व्हिडिओत प्लास्टिकच दिसतं.

बाजूला, कानाच्या वर लावला तर दृश्य बरं मिळतं, पण वजन एका बाजूला जातं. पहिल्या दोन लॅपला जाणवत नाही. दहाव्या लॅपला मान सारखी एका अंगाला झुकते. गॉगलचा पट्टाही तिथूनच जातो. माउंट पट्ट्याच्या वाटेत आलं तर गॉगल बदलताना वैताग होतो.

मोटोक्रॉस आणि एंड्युरोसाठी सगळ्यात चांगली जागा हनुवटीची, म्हणजे चिन बारची. डोळ्याच्या जवळची उंची, हँडल, ग्लोव्ह, क्लच ओढणारं बोट, पुढचा रट (चाकांनी पडलेली चाकोरी), सगळं एका चौकटीत येतं. डर्ट हेल्मेटचा चिन बार पुढे आलेला आणि टोकदार असतो. सपाट माउंट त्यावर बसत नाही. तुमच्याच हेल्मेटच्या मॉडेलच्या वळणानुसार बनवलेलं माउंट हवं. तोटे दोन. हवा येण्याची भोकं अर्धी झाकली जातात, आणि मे महिन्यात ते चांगलंच कळतं. दुसरं म्हणजे श्वासाचा आवाज. माझ्या एका व्हिडिओत इंजिनपेक्षा माझी धापच जास्त ऐकू येते, घरच्यांनी तो ऐकून डॉक्टरला दाखव म्हणून सांगितलं.

हनुवटीला माउंट लावल्यावर गळ्याखालचा पट्टा हातमोजे घालून सोडता आला पाहिजे. पडल्यावर डॉक्टर किंवा मार्शलला हेल्मेट काढायचं असतं, तेव्हा तुमचा कॅमेरा कसा सुटतो ते शोधायला त्यांच्याकडे वेळ नसतो.

छातीचा पट्टा हा शर्यतीत बऱ्याचदा परवानगी मिळणारा पर्याय. उभं राहून चालवताना त्यातून छान दिसतं, बसलात की टाकीच दिसत राहते. छातीच्या गार्डच्या बाहेरून पट्टा लावा. पुढे पडलात तर कॅमेरा छातीच्या हाडावर येतो, त्यामुळे इथेही कडक धातूची जोडणी नको.

एक सूचना ज्यांना कॅमेरा घ्यायचाच नाही त्यांच्यासाठी: फोन हँडलला लावून रेकॉर्डिंग करू नका. मोटरसायकलच्या इंजिनच्या कंपनाने आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा खराब होऊ शकते, असं ॲपलने २०२१ मध्येच सांगून ठेवलंय.

वजन आणि कॅमेरा

आता दुकानात जायला हरकत नाही. गोप्रो हिरो १२ ब्लॅक १५४ ग्रॅम, हिरो १३ ब्लॅक १५९ ग्रॅम. डीजेआय ऑस्मो ॲक्शन ४ साधारण १४५ ग्रॅम, ॲक्शन ५ प्रो १४६ ग्रॅम. २०२४ चा छोटा गोप्रो हिरो ८६ ग्रॅम. इन्स्टा३६० गो ३एस तर जेमतेम ३९ ग्रॅमचा.

हातात धरल्यावर दीडशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही, एखादं मध्यम आकाराचं संत्रं. पण टेबलटॉपवरून, म्हणजे सपाट माथ्याच्या उंचवट्यावरून, उडी आखूड पडली आणि मानेला ५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट, इतका झटका बसला, तर तेच संत्रं क्षणभर पाऊण किलोचं होतं, तेही हनुवटीच्या पुढच्या टोकाला. एका शर्यतीत असे झटके पुन्हा पुन्हा बसतात. म्हणून माझा कल हलक्याकडे आहे.

तरीही गो ३एस डोळे झाकून घेऊ नका. बॅटरी आतच बसवलेली असल्यामुळे बदलता येत नाही. एका चार्जवर अर्ध्या तासाच्या वर फार जात नाही आणि फोर के चित्रण ३० फ्रेमलाच थांबतं. सरावाच्या दोन छोट्या फेऱ्यांसाठी उत्तम. त्याचं चुंबकाचं लॉकेट उड्यांसाठी अजिबात वापरू नका, ते इन्स्टाग्रामच्या जाहिरातीत शोभतं. त्याला क्लिपचं माउंट लागतं. ८६ ग्रॅमच्या गोप्रोचीही बॅटरी निघत नाही, आणि त्याचं स्थिरीकरण फोनच्या ॲपमध्ये नंतर करावं लागतं. रोज पाच क्लिप असतील तर त्या कामाचा कंटाळा येतो.

मोठ्या कॅमेऱ्यांपैकी निवडायचं झालं तर एक बारीक फरक माहीत असू द्या. लॅपवर वेग आणि मार्गाची रेघ व्हिडिओवर हवी असेल, तर हिरो १२ मध्ये जीपीएसच नाही. कंपनीने ते काढलं आणि हिरो १३ मध्ये परत आणलं. जुना साठा स्वस्त मिळतोय म्हणून बारावा घेणाऱ्यांना हे घरी आल्यावर कळतं. ॲक्शन ५ प्रोमध्ये ४७ जीबीची जागा आतच आहे, म्हणजे कार्ड घरी विसरलात तरी दिवस वाया जात नाही. मी दोनदा विसरलोय.

नवा कॅमेरा वीस-पंचवीस हजारांपासून पन्नास हजारांच्या आसपास जातो. ॲक्सेसरीचे वेगळे. जुना घेत असाल तर पुढची काच ओरखड्यांसाठी उजेडात तिरपी धरून पाहा, बॅटरी आणि कार्डाचं दार बंद होताना 'टक्' येतो का ते ऐका, आणि दाराच्या कडेची रबरी पट्टी बोटाने दाबून बघा. ती कडक झाली असेल तर धूळ आत जाणारच.

नागपूरचं ऊन

इथे इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले आपल्या कामाचे नाहीत. ते लिहिणारे २० अंशात गाडी चालवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, तर सकाळी नऊलाच जीव नको होतो. कंपन्या कॅमेऱ्याला दिलेली कमाल तापमानाची मर्यादा कागदावर पाहा. एखादीची ३५ असते, एखादीची ४५. म्हणजे सावलीतलं नागपूरच काहींच्या मर्यादेबाहेर आहे, उन्हातल्या काळ्या कॅमेऱ्याचं तर विचारूच नका.

गाडी पळत असते तोवर वारा कॅमेरा थंड ठेवतो. तापतो तो स्टार्ट गेटवर. पंधरा जण रांगेत, ध्वज खाली येत नाहीये, आणि तुम्ही पाच मिनिटं आधीच रेकॉर्डिंग सुरू केलंय. दुसऱ्या लॅपला कॅमेरा तापून बंद. व्हिडिओत फक्त पुढच्याच्या बाइकची नंबर प्लेट आणि मार्शलचा हात.

यावर उपाय सोपे आहेत. एका बटणाने कॅमेरा सुरू होऊन थेट रेकॉर्डिंग चालू होण्याची सोय चालू करा आणि ते बटण ग्लोव्ह घालून शोधण्याची सवय करा. वाय-फाय बंद, मागची स्क्रीन दहा सेकंदांत विझेल अशी, जीपीएस लागत नसेल तर तेही बंद. रेझोल्यूशन फोर के, फ्रेम ६०, त्याहून वर जाऊ नका. ५.३ के उन्हाळ्यात मी सोडूनच दिलंय. वाट पाहताना हेल्मेट टाकीवर उन्हात ठेवण्याऐवजी ओल्या दुपट्ट्याखाली ठेवा. आणि कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नको. बंद गाडीत तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच चढतं, लिथियम बॅटरीला ते मानवत नाही.

डॅशबोर्डवरून आठवलं. हनुवटीची माउंट थ्रीडी प्रिंट करून देणारे आता शहरात मिळतात, आणि स्वस्तात मिळतात. पण त्यांना नीट सांगा की पीएलए नको. ते प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. माझं पहिलं माउंट कारच्या मागच्या सीटवर दुपारभर राहिलं आणि संध्याकाळी जिलबीसारखं वळलेलं निघालं. पीईटीजी बरं, एएसए त्याहून चांगलं.

फुफाटा आणि गारा

उन्हाळ्यात लाल मुरमाची बारीक धूळ, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिकट गारा. दोन्ही काचेचे शत्रू, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. मुरमाची धूळ म्हणजे सँडपेपरच. ग्लोव्हच्या अंगठ्याने लेन्स पुसली की ओरखडा पडलाच. त्यामुळे ज्याची बाहेरची काच बदलता येते असाच कॅमेरा घ्या. गोप्रोचे वरचे मॉडेल आणि डीजेआयचे ॲक्शन, दोन्हींत ती सोय आहे.

गाऱ्याच्या दिवशी मी वापरतो ती युक्ती: गॉगलच्या जुन्या टीअर-ऑफचा (मळली की ओढून टाकायची पातळ पारदर्शक पट्टी) एक तुकडा लेन्सच्या आकाराचा कापतो आणि वरच्या कडेला एका बारीक चिकटपट्टीने लावतो. खालचं टोक मोकळं, दुमडलेलं. तिसऱ्या लॅपला काच भरली की सरळ भागावर उजवा हात थ्रॉटलवरच ठेवून डाव्याने ओढतो. एकच मिळतो, दोन थर लावले तर मध्ये हवा राहून चित्र अंधूक होतं. पहिल्यांदा कराल तेव्हा घरी अंगणात करून पाहा. मी न करता गेलो आणि गॉगलचा टीअर-ऑफ ओढायचा तर कॅमेऱ्याचा ओढला.

चिकटवणं

ह्या कामाला संध्याकाळ राखून ठेवा आणि ते शर्यतीच्या किमान तीन दिवस आधी करा. माउंटखालच्या जाड फोमच्या दुहेरी पट्टीची पूर्ण पकड बसायला ७२ तास लागतात. वीस मिनिटांत निम्मी येते, म्हणून लोकांना वाटतं झालं.

हेल्मेट साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन तेवढीच जागा हलक्या हाताने पुसा. आधी हेल्मेटच्या पुस्तिकेत हे चालतं का ते बघा. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही नको. पॉलिकार्बोनेटचं कवच त्याने वरून दिसत नसताना कमकुवत होतं. मेकॅनिकच्या हाताशी पेट्रोलचा चिंधा असतो, तो मदत करायला येईल, त्याला थांबवा.

कोरडं माउंट आधी ठेवून पेन्सिलने खूण करा. मग पट्टी सोलून मध्यापासून कडेकडे दाबत जा, तीस सेकंद तसंच धरा. हवा राहिली तर काढून नवी पट्टी लावा, तीच पुन्हा चालत नाही. स्टिकर, ग्राफिक्स किंवा रंगाच्या पापुद्र्यावर चिकटवलं तर पकड पट्टीची नाही, स्टिकरची असते.

स्क्रूसाठी हेल्मेटला भोक पाडू नका. बाहेरचं कवच आणि आतलं थर्माकोलसारखं अस्तर मिळून धक्का झेलतात, भोक दोन्हींना मारतं. ॲल्युमिनियमचे सुंदर निळे-लाल जोड विकत मिळतात, ते हँडलवर लावा. हेल्मेटवर प्लास्टिकचेच हवेत, कारण वेळ आली की त्यांचे बोटांसारखे दाते मोडतात आणि तुमची मान वाचते. कॅमेरा हरवू नये म्हणून दोरी बांधायची असेल तर पातळ नायलॉनची, आणि इतकी आखूड की सुटलेला कॅमेरा गॉगलपर्यंत पोहोचणार नाही.

कोन

बाइक स्टँडवर चढवा, सगळं गिअर घाला आणि फूटपेगवर उभे राहा, कोपर वर, नजर २० मीटर पुढे. मित्राला फोनवर कॅमेऱ्याचं थेट चित्र बघायला सांगा. क्षितिज वरून साधारण एक तृतीयांशावर आलं पाहिजे. बसून कोन ठरवाल तर शर्यतीत सगळी माती दिसेल, कारण उभं राहून पुढे झुकलात की हनुवटी खाली येते. बरोबर बसला की स्क्रू घट्ट करा आणि जोडावर नेलपॉलिशची एक रेघ मारा. रेघ सरकलेली दिसली की कोन हललाय.

कॅमेरा उलटा लटकवत असाल तर चित्र फिरवण्याची सेटिंग 'ऑटो'वर ठेवू नका, एका दिशेला पक्की करा. नाहीतर उडीत चित्र कोलांटी घेतं.

सेटिंग आणि कार्ड

६० फ्रेम का? ताशी ६० किलोमीटरला बाइक सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ३० फ्रेमला दोन चित्रांमध्ये अर्ध्या मीटरहून जास्त अंतर निघून जातं, ६० ला ते २८ सेंटीमीटर होतं. वळणात ब्रेक नेमका कुठे सोडला हे पाहायचं असेल तर हा फरक मोठा आहे.

स्थिरीकरण चालू ठेवा, पण काळा एनडी फिल्टर लावू नका. तो शटर मंद करतो, आणि मंद शटर अधिक धक्के म्हणजे प्रत्येक चित्र पुसट. दुपारच्या उन्हात शटर आपोआप वेगवान राहतं, तेच हवंय. संध्याकाळी साडेसहानंतर चित्र थरथरायला लागलं तर कॅमेरा बिघडलेला नाही, उजेड संपलाय.

कार्डाचा हिशोब: १२० मेगाबिट प्रति सेकंद या दराने एका मिनिटाला ९०० एमबी लागतात. वीस मिनिटांच्या शर्यतीला १८ जीबी. १२८ जीबीचं कार्ड दिवसभराला पुरतं. त्यावर व्ही३० लिहिलेलं असावं, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. निम्म्या किमतीत ५१२ जीबी मिळत असेल तर ते बहुधा बनावट आहे. संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू हा कार्ड तपासणारा प्रोग्राम चालवून पूर्ण भरून तपासल्याशिवाय शर्यतीला नेऊ नका.

शर्यतीच्या दिवशी आणि नंतर

सकाळी कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. बॅटऱ्या तीन ठेवा, वापरलेल्यांना रबर बँड लावा. सराव फेरीनंतर एकच क्लिप फोनवर बघा आणि कोन तपासा, बाकी संध्याकाळी.

ट्रॅकवर जाता-येताना रस्त्यावर कॅमेरा हेल्मेटवरून काढून बॅगेत टाका. आणि एकदा जोरात पडलात तर कॅमेरा शाबूत आहे का हे पाहण्याआधी माउंटच्या भोवती कवचाला तडा गेलाय का ते बघा. गेला असेल तर ते हेल्मेट संपलं, कितीही महागाचं असो.

घरी आल्यावर दार उघडण्याची घाई करू नका. ट्रॅकवरच दार उघडून कार्ड काढणाऱ्यांचे कॅमेरे एका मोसमात मरतात. आधी बंद कॅमेरा नळाखाली साध्या धारेने धुवा, कडेच्या फटीतून लाल पाणी यायचं थांबेपर्यंत. मग मऊ कापडाने टिपा, दार खाली करून उघडा, आणि रबरी पट्टीवर मुरमाचा एक कण जरी दिसला तरी कापसाच्या काडीने काढा. मग कार्ड.